डाव्या हाताची मुलं

वसुंधरा मतकरने ठरवलं म्हणजे ठरवलं. इंग्रजी शिकवून दाखवीन, नाहीतर शाळेला रामराम ठोकीन, पण कुणापुढे नाक घासणार नाही. इंदूरात बडा गणपतीजवळच्या त्या शाळेत ती कितीतरी वर्षं मराठी शिकवत होती. यंदा मराठी घ्यायला चार टाळकीसुद्धा उरली नाहीत. मुख्याध्यापक अरविंद सरांनी केबिनमध्ये बोलावून स्वच्छच सांगितलं, "मैडम, तीसरी की इंग्लिश खाली है. सोमवार को डेमो दीजिए. जम गया तो क्लास आपकी, नहीं तो..." पुढचं त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. वसुंधराला ते गिळलेलंही ऐकू आलं.

डेमोचा विषय होता, ए कुठे लावायचा आणि अ‍ॅन कुठे. नियम तसा सरळ. शब्द तोंडातून निघताना आधी अ, आ, इ, ओ असा स्वर निघाला की अ‍ॅन, नाहीतर ए. सकाळी पोहे करताना तिचं चालूच, "अ‍ॅन अनियन, ए चिली, ए लेमन..."

"आणि पोह्यांना काय लागतं?" नवऱ्याने, अशोकरावांनी, पेपरामागून विचारलं.

"पोह्यांना शेव लागते. खा गुपचूप!"

"अगं, आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, घोड्यावर बसून साहेबाशी लढले. तू खडू घेऊन लढ की."

"लढतेच आहे. तुम्ही नुसती मिशी फिरवा."

शनिवारी शेजारच्या वर्गाला शिकवणाऱ्या रुपालीने तिला रीत समजावली. डेमो असो की इन्स्पेक्शन, या शाळेत आधी मुलांची तालीम होते. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी फक्त उजव्यांना उठवायचं. पाहुण्याला दिसतं काय, तर अख्खा वर्ग हुशार! "ताई, बरसों से चालू आहे," रुपाली म्हणाली, "अरविंद सरांनीच सुरू केलंय."

वसुंधराने तालीम घेतली. नोकरी का कुणाला नको असते? उजवे हात पटापट वर गेले. खिडकीजवळच्या शिखाने डावा केला, तोही अगदी ताठ, कानाला चिकटवून. आपल्याला कुणी उठवणार नाही म्हणून पोरगी खुशीत होती. ते बघून वसुंधराला आपली शाळा आठवली. लहानपणी देपालपूरच्या शाळेत तीही अशीच डाव्या हाताची होती. साहेब यायचे, शाबासकी देऊन जायचे, आणि तिला कधीच कुणी काही विचारलं नाही. इंग्रजी तिच्या वाट्याला आलं नाही ते तेव्हापासून.

सोमवारी मागच्या बाकावर अरविंद सर बसले. त्यांच्याशेजारी नचिकेत सर, पुण्याहून इंदूरला आलेले, शाळेने नेमलेले ट्रेनर. हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. वसुंधराचा आवाज खणखणीत निघाला. एग? "अ‍ॅन एग!" बॅट? "ए बॅट!" उजवे हात, बरोबर उत्तरं. अरविंद सर बाकावर सैलावले. गाडी कशी छान रुळावर होती! अजून थोडं रेटलं असतं की काम फत्ते.

"स्कूल," वसुंधराने विचारलं. हातांचं रान उठलं. त्यात तो डावा, कानाला चिकटलेला.

आणि बाईंनी काय करावं? "शिखा, तू सांग."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. शिखा उठली, इकडेतिकडे बघितलं, आणि पुटपुटली, "अ‍ॅन इस्कूल."

"नाही बाळा," वसुंधरा म्हणाली, "ए इस्कूल."

झालं! जीभ इंदूरची, तिने घात केला. आपल्याकडे इस्कूल, इस्टेशन, इस्टूल, सगळ्यांच्या पुढे इ चिकटलेलीच. नचिकेत सरांनी मान वर केली. मागच्या बाकावरून खोकला आला, म्हणजे आवरा आता.  वसुंधराला पळून जावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण मग तिने पदर खोचला.

"अरे देवा! मैडम भी वही बोली," ती मोठ्याने म्हणाली. पोरं खदखदली. "शिखाने नियम बरोबर लावला. तिच्या तोंडात इ आली, तिने अ‍ॅन लावलं. गडबड मेरे और तुम्हारे मुँह में है. बता, कुकर शिट्टी देण्याआधी कसा बोलतो?"

"स्सस्स..."

"त्यात इ आहे का?"

"नहीं!"

"तर मग कुकरसारखं सुरू करा. मी पण करते."

वर्गभर कुकर लागले. स्सस्कूल! स्सस्कूल! वसुंधराचं दोनदा चुकलं, पोरांनीच पकडलं. तास संपल्याची घंटा झाली, सर उठले, तरी बाई शिखासमोरून हलेनात. शेवटी शिखाने डोळे मिटले, दात आवळले आणि म्हणाली, "ए स्सस्कूल." मग स्वतःच चमकली.

केबिनमध्ये अरविंद सर फुटलेच. "मैडम, आपको लेफ्ट हैंड वाली को उठाने किसने कहा था?"

"लेफ्ट हैंड वाली?" नचिकेत सरांनी विचारलं. "म्हणजे काय?"

अरविंद सरांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग? वसुंधराने सगळी रीत सांगून टाकली, आपण तालीम घेतली तीसुद्धा. "जे डावा हात करतात, शिकवायचं त्यांनाच असतं ना, सर? उजव्यांना येतंच. मला तिसरी द्या, नाहीतर देऊ नका. पण दिलीत तर मी डाव्यांनाच विचारणार."

नचिकेत सरांनी पेनला टोपण लावलं. मग अरविंद सरांना म्हणाले, "तिसरी यांनाच द्या. आणि बाई, ती इ काढा तुमची."

"काढीन," वसुंधरा म्हणाली. म्हणजे काढणारच.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात पाऊल टाकताच फर्मान काढलं, "आजपासून नवी रीत. ज्याला येत नाही, त्यानेच हात वर करायचा. येतं त्याने हात खाली. मी येत नाही त्यालाच विचारणार, आणि कुणी हसायचं नाही. शब्द आहे, स्सस्टेशन."

भीत भीत हात वर येऊ लागले. बघता बघता अर्धा वर्ग वर. उजवे हात करणारेसुद्धा त्यात होते. वसुंधराने सवयीने आधी खिडकीकडे बघितलं.

शिखाचे दोन्ही हात मांडीवर होते, घट्ट, एकमेकांत गुंतवलेले, आणि ओठ आपल्याशीच स्सस्स करत होते.