दोन गोठ्यांचं रेडकू

सुधीर महाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवायचा. त्याचा एकच मोठा दोष, की वर्गातलं तर्कशास्त्र तो शनिवारी एसटीत घालून घरी आणायचा. घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. तिथे आई धोंडूबाई, एक म्हैस आणि शेजारी रखमाकाकी. काकीकडेही एक म्हैस. दोन्ही घरं दुधावरच चालायची, कारण सुधीरचा पगार कधी होणार ते त्याच्या कॉलेजलाही ठाऊक नसायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन्ही गाभण म्हशी माळावर चरायला गेल्या. धोंडूबाईला वाटलं, रखमा घेऊन येईल; रखमाला वाटलं, धोंडूबाई आणील. दोघी निवांत झोपल्या. सकाळी जाऊन बघतात तर दोन्ही म्हशी व्यालेल्या, एक रेडकू वाघाने नेलेलं, आणि उरलेल्या एकाला दोघी दोन बाजूंनी चाटतायत.

रेडकू पुढ्यात नसलं की म्हैस पान्हा चोरते, दूध खाली सोडत नाही. म्हणून दोघी बायांनी फार चर्चा न करता ते रेडकू आधी एका गोठ्यात लावलं, मग दुसऱ्यात. दोन्हीकडे दूध मिळालं. रेडकू कोणाचं, हे दोघींपैकी कोणी विचारलंच नाही.

सुधीरने आल्या आल्या विचारलं. सत्य एकच असतं, रेडकाला आईही एकच असते, आणि शोध न घेता संशयात बसून राहणं हा बुद्धीचा आळस आहे, असं त्याने जेवता जेवता ऐकवलं. दूध येतंय ना, मग गप ऱ्हा, असं आईने सुचवून पाहिलं. पण गप राहणं जमलं असतं तर तो तर्कशास्त्राकडे वळला असता कशाला? रविवारी सकाळी त्याने अंगणाच्या दोन टोकांना दोन म्हशी बांधल्या, वाडीतल्या जाणत्या रायबांना साक्षीला बसवलं आणि मधोमध रेडकू सोडलं. रेडकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेपूट उडवत थेट रखमाकाकीच्या म्हशीला जाऊन लुचायला लागलं.

सुधीरचा चेहरा उतरला. पण माणूस सच्चा. "काकी, रेडकू तुझं," असं सगळ्यांदेखत सांगून त्याने ते स्वतः तिच्या गोठ्यात नेऊन बांधलं.

त्या संध्याकाळी धोंडूबाईच्या म्हशीने थेंबभर दूध दिलं नाही. सोमवारी सकाळी तेच. सुधीर कॉलेजला गेलाच नाही. आई नुसती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर परीक्षेतली खोट त्याला कालच दिसली होती. एकदा गेलं म्हणजे तीच आई, हे कशावरून? कदाचित काकीची म्हैस सावलीत उभी होती. पण आता तोंड उघडलं तर लोक म्हणणार, मास्तर हरला म्हणून फाटे फोडतोय. म्हणून तो ओठ शिवून बसला होता.

संध्याकाळी रखमाकाकी रेडकाला दाव्याने ओढत दारात आली.

"एक डाव गेलं म्हंजे तीच आय, असं शिकवतोस व्हय रे पोरांना?"

"शंका मलाही आली होती, काकी."

"मग बोललास का नाय?"

"आमच्या फायद्याची होती."

काकी हसली. "आता ती माजी शंका हाय. माज्या फायद्याची नाय, म्हंजे तुला घ्यायला हरकत नाय."

सुधीरला त्यात काही खोट काढता आली नाही, आणि त्याचा त्याला मनापासून आनंद झाला. धोंडूबाई तोवर रेडकू आणि चरवी घेऊन गोठ्यात पोचलीसुद्धा. रेडकाने चार ढुशा दिल्या आणि म्हैस पान्हावली.

एका परीक्षेवर भागायचं नाही, सुधीरने जाहीर केलं. रेडकू रोज दोन्ही वेळा दोन्हीकडे लावून बघावं लागेल. हा तपास कधीपर्यंत चालायचा, असं काकीने विचारलं. सुधीरने हनुवटी खाजवत गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, की दोन्ही म्हशी आटेपर्यंत तरी निकाल लागेल असं वाटत नाही.