लवूची मान

"सोड! लवू, सोड!" मी ओरडलो, आणि गाडी पुढे गेली.

दोराने माझी दोन बोटे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दाबून धरली. पहिल्यांदा दुखलेच नाही. होडी वाळूवरून वर सरकत होती आणि मी तिच्याबरोबर फरफटत चाललो होतो. कळ नंतर आली. त्याआधी डोक्यात एकच गोष्ट होती: लवूने ओढले कसे?

फैसल धावत गाडीच्या पुढ्यात गेला आणि त्याने बॉनेटवर दोन्ही हात आपटले. तेव्हा गाडी थांबली. लवू खाली उतरला तो हसतच. एवढी मोठी होडी एका दमात वर आली होती ना! मग त्याने माझा हात बघितला.

आचऱ्याच्या आमच्या किनाऱ्यावर बावीस होड्या आहेत. मासेमारी करून आलेली होडी पाण्यातून ओढून माडांखाली आणायची, हे काम एकोणीस वर्षे लवूची जीप करत होती. जीप उघडी. वर कापडी टप, दरवाजे नाहीत, खाली पत्र्याला जागोजागी ठिगळे. मी होडीजवळ उभा राहून हाका द्यायच्या आणि लवूने गाडी चालवायची. जीप पुढे जायची, पण लवू पुढे कधी बघत नसे. सीटच्या पाठीवर हात टाकून, मान पुरती मागे वळवून तो माझ्याकडे बघायचा. रोज तसे बसून त्याची मान एका अंगाला थोडी वाकडीच झाली होती.

"लवूकाकान लग्नात माळ पण मागे बघूनच घातली आसतली," असे फैसल म्हणायचा. फैसल बर्फाचा टेम्पो चालवतो, आणि किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी होडी त्याच्या घरची. लवू अशा बोलण्यावर नुसता हसायचा. तो बोलायचाच कमी.

होडीवाल्यांच्या गटाला आता स्वतःची गाडी घ्यायची होती. विनीत गटाचा सेक्रेटरी. त्याने चारही चाकांना जोर असलेली एक नवी उंच गाडी दोन दिवस चालवून बघायला आणली होती. कोणती गाडी किती वजन ओढते ते तो छापील कागदावरून वाचून दाखवायचा. शेवटी म्हणाला, "कागद रवांदे. लवूकाका, तू दोनय गाडये चालव आणि सांग. तुझो शब्द शेवटचो. आणि घेतली तर चालवतलंस तूच."

पहिल्या दिवशी लवूने नव्या गाडीतून बर्फाच्या पेट्या मालवणला नेल्या, येताना विनीतच्या आईला डॉक्टरकडून आणले. म्हातारी उतरताना म्हणाली, "गाडी थांबली ता पण कळाक नाय माका." दुसऱ्या दिवशी किनारा. फैसलची होडी आधी जीपने ओढली. जीप दोनदा रुतली, चाकांखाली फळ्या घालाव्या लागल्या. होडी परत पाण्यात ढकलून नव्या गाडीला दोर बांधला. होडी अर्ध्या वाटेवर आल्यावर नाळेवरचा फास सरकला. दोर तिरका झालेला दिसला तशी लवूने गाडी थांबवली. मी फास सारखा करायला हात घातला, तो आत अडकला, आणि दोर ढिला करून घ्यायला मी 'सोड' म्हणून ओरडलो.

त्याच गाडीतून मला दवाखान्यात नेले. विनीत चालवत होता. फडक्यात गुंडाळलेला हात मी मांडीवर धरला होता आणि एकही खड्डा लागत नव्हता, हे मला त्या कळेतही जाणवत होते.

"काचेमुळे झाला भाई," विनीत पुन्हा पुन्हा म्हणत होता. "काच बंद, आत एसी. तू सोड म्हणालंस, तेका ओड ऐकाक इला."

मला ते पटले. आमच्याकडे 'ओढ'ला 'ओड' म्हणतात. वारा असला की 'सोड'चा स वाऱ्यावर जातो आणि पुढच्याला 'ओड'च ऐकू येते. म्हणून हाकेबरोबर हात करायची इथली जुनी रीत आहे. मूठ वर म्हणजे ओढ, पंजा खाली म्हणजे सोड. त्या दिवशी माझा एक हात दोराखाली होता आणि दुसऱ्याने मी नाळ धरली होती. शिवाय नव्या गाडीत मागच्या कॅमेऱ्यातले चित्र पुढच्या छोट्या पडद्यावर दिसते, मान वळवावी लागत नाही. त्या पडद्यावर हुक दिसत होता, दोर दिसत होता, मी दिसत नव्हतो.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पेरापासून काढावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू आणि त्याची बायको सुशीला मला बघायला आली. खाटेच्या पायथ्याशी दोघे बसली. मी खिडकीकडे तोंड करून पडलो होतो. त्याच्याकडे बघायचे धैर्य होत नव्हते. त्याला काय वाटत असेल, हेच मनात होते.

"लवू, तुझो काय दोष नाय रे," मी म्हणालो. "काचेन घात केल्यान."

तो काही बोलला नाही.

"ऐकलंस मां?"

तरी नाही. मी कूस वळवली. लवू माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत बसला होता. सुशीलाने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि माझ्या तोंडाकडे बोट केले. लवूने वर बघितले.

"काय म्हणतंस?"

"काच बंद होती, म्हणान तुका ऐकाक इला नाय, असा म्हणतंय."

"काच उघडी होती," लवू म्हणाला.

सुशीलाने त्याचा दंड धरला. "गप रवा ओ."

"उघडी होती गो. माका एसी सोसना नाय." तो माझ्याकडे वळला. "भाई, माका काय एक ऐकाक येना नाय. वादळ झाला त्या वर्सापासून. आधी डावो कान गेलो, मागसून उजवो."

मी उठून बसलो. हाताला हिसका बसला तरी कळले नाही.

"मगे माझी हाक?"

"तुझो हात बघी होतंय. आणि तोंड. त्या दिसा पडद्यार नुसतो दोर दिसलो, तो सरळ झालो म्हणान ओडलंय."

इतकी वर्षे मी वाऱ्यात घसा फोडत होतो. माझ्या आवाजावर जीप चालते, अशी मला घमेंड होती. आणि मला दुसरेच काही आठवले. तीन वर्षांपूर्वी माझी बायको सीता गेली. तेराव्यानंतर एका संध्याकाळी मी लवूच्या जीपमध्ये त्याच्या शेजारी बसलो होतो. दोघांची तोंडे समुद्राकडे. जे मुलांपुढे बोललो नाही ते सगळे त्याच्यापुढे बोललो. सीतेला वेळेवर डॉक्टरकडे नेले नाही, तेही बोललो. लवू एक अक्षर बोलला नाही, मध्ये अडवले नाही. असे ऐकणारा माणूस जगात दुसरा नाही, असे मला तेव्हा वाटले होते.

"लवू," मी विचारले, "सीता गेली तेव्हा मी जीपेत काय सांगलंय, ता..."

त्याने मान हलवली. "काळोख पडी होतो. तोंड दिसना नाय. तुझो खांदो हलताना दिसलो, म्हणान बसान रवलंय."

सुशीला डोळे पुसत म्हणाली, "भावोजी, गटात सांगू नकात. जीप सुटली तर हे जातले खंय?"

"सांगूचंय नाय," मी म्हणालो. लवू आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला समजले असणार.

तिसऱ्या दिवशी जाळ्यांच्या शेडमध्ये गट बसला. मी हात गळ्यात बांधून गेलो. सगळ्यांचा राग गाडीवर होता. "ती काचेची पेटी नको आमका," एक म्हणाला. "जीपच बरी. जीपेत मानसाची हाक तरी पोचता." माना डोलू लागल्या. मला सुटल्यासारखे वाटले. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझा हात बरा होईपर्यंत होडीजवळ दुसरा कुणीतरी उभा राहणार होता. आपली हाक पोचते, असे समजून तो दोराखाली हात घालणार होता. मी तोंड उघडले. सुशीलाला दिलेला शब्द आठवला आणि मिटले.

विनीत लवूसमोर उभा राहिला. "लवूकाका, तू सांग. जीप की नवी?"

लवू उभा राहिला. इतके बोलताना त्याला कुणी कधी बघितले नव्हते.

"नवी घेवा," तो म्हणाला. "माझी जीप झटको देता. दोर आधी ढिलो, मगे एकदम ताठ. होडयेचे खिळे हलतत. ही दम धरून ओडता. चारय चाका वाळू धरतत. बाजारात न्हेवा, दवाखान्यात न्हेवा, पाठ मोडना नाय. माझ्या जीपेत दुखणेकऱ्याक घातलास तर तो वाटेतच जातलो."

लोक हसले. लवूच्या पाठीमागे जाळ्यांच्या ढिगावर बसलेल्या फैसलने विचारले, "मगे भाईची बोटा कित्याक गेली?"

"हिची एकच खोड," लवू पुढे बोलत राहिला. "खाऱ्या पाण्यात पत्रो टिकाचो नाय."

"लवूकाका, काच बंद होती मां?"

"खालसून धुवची लागतली. रोज."

"लवूकाका!" फैसल इतक्या मोठ्याने ओरडला की बाहेर माशांवर बसलेले कावळे उडाले.

"गोड्या पाण्यान," लवू म्हणाला. "आणि म्हयन्यातसून एकदा गिरीस."

विनीतच्या हातातला कागद खाली आला. कुणी माझ्याकडे बघितले, कुणी माझ्या हाताकडे. मी जमिनीकडे बघितले. समोरच्यांचे चेहरे बदललेले पाहून लवू थांबला. काय झाले ते त्याने कुणाला विचारले नाही. हळूच खाली बसला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

फैसल ढिगावरून उठला. मला वाटले आता हा भांडणार. तो जाळी ओलांडत पुढे आला आणि लवूच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असा, उकिडवा बसला. त्याच्या तोंडावर उजेड पडला होता.

"लवूकाका," त्याने सावकाश, एकेक शब्द ओठांनी उघडून विचारले, "वाळयेत... चाकात... हवा... किती ठेवची?"

लवूची नजर त्याच्या ओठांवर होती.

"अठरा," तो म्हणाला. "रस्त्यार येताना परत भरची."

फैसलने खिशातून फोन काढला आणि ते लिहून घेऊ लागला. लवू त्याचे लिहून होईपर्यंत थांबला. मग पुढचे सांगू लागला.