हेरिबर्टच्या कुंपणाची मिरवणूक

हेरिबर्ट क्लॉकनरला कार्निव्हलचा मनापासून तिटकारा होता, आणि जन्मला होता तो नेमका ऱ्हाइनकाठच्या गावात. दरवर्षी ते चार-पाच दिवस सगळं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर नाचायचं आणि हा दारं-खिडक्या लावून शब्दकोडी सोडवत बसायचा. बायको मार्लीस मात्र कार्निव्हल मंडळाची जुनी सभासद. यंदा तिचा महिलांचा गट मधमाश्या होणार होता.

घरामागे हेरिबर्टचं मोरपंखीचं कुंपण होतं. लावलं तेव्हा गुडघ्याएवढं, आता वरच्या मजल्याच्या खिडकीशी आलेलं. पलीकडच्या ओटेनबाईंना भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. शेवटी त्या पालिकेच्या लवादाकडे गेल्या, आणि तिथे हेरिबर्टने शब्द दिला की हा फेब्रुवारी संपायच्या आत कुंपण जाईल. छाटून भागणार नव्हतं. मोरपंखीचा हिरवा भाग ओलांडून कात्री आत गेली की ती पुन्हा फुटत नाही, नुसती तपकिरी हाडं उरतात. मुळापासूनच तोडायला हवी होती.

शब्द दिल्यावर हेरिबर्टने नियम वाचायला घेतले. ते वाचण्यातच थंडी गेली. एक मार्चपासून सप्टेंबर संपेपर्यंत तोडणी बंद, कारण पाखरांची घरटी. फांद्या जाळायच्या नाहीत. जंगलात टाकल्या तर दंड. हिरवा कचरा पालिकेच्या केंद्रावरच न्यायचा, तोही वेगळा. सगळं पाठ झालं तेव्हा त्याने माळ्याला फोन केला.

"क्लॉकनरसाहेब, आता?" माळी म्हणाला. "मी कार्निव्हलच्या राजपुत्राच्या पलटणीत आहे, मिरवणुकीत चालायचंय. आज गणवेशाला इस्त्री चालू आहे."

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस म्हणजे नेमका मिरवणुकीचा मंगळवार, हे नियम वाचताना हेरिबर्टच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आता ओटेनबाईंना ऑक्टोबरपर्यंत तोंड कसं दाखवू?" तो म्हणाला.

"तोंड दिसतंय कुठे त्यांना? मध्ये कुंपण आहे," मार्लीस म्हणाली. "थांब, मी आमच्या बायकांना सांगते. मिरवणूक दुपारी आहे, सकाळ मोकळीच आहे."

मंगळवारी सकाळी आठ मधमाश्या अंगणात उतरल्या. काळे-पिवळे पट्टे, पाठीला जाळीचे पंख, डोक्यावर तारेच्या मिशा आणि हातात करवती. मार्लीसचा भाऊ गिस्बर्ट ट्रॅक्टर-ट्रॉली आणि चेन-सॉ घेऊन आला.

"दाजी, बाजूला व्हा, सुरू करतो."

"आधी घरटी तपासायची," हेरिबर्ट म्हणाला. "पाखरू राहत असेल तर बाराही महिने हात लावता येत नाही." आणि टॉर्च घेऊन तो एकेका झाडाच्या पोटात शिरला. बाहेर आला तेव्हा भुवयांवर हिरवी भुकटी, कानात काटक्या. घरटं नव्हतं. एक जुना टेनिसचा चेंडू मात्र सापडला.

मग करवती चालल्या. मधमाश्या गाणी म्हणत फांद्या ओढत होत्या. शेवटचं झाड आडवं झालं तशा समोर ओटेनबाई दिसल्या, आपल्या खिडकीत, हातात कॉफीचा कप, उजेडाने डोळे किलकिले करत.

"केंद्र दुपारपर्यंतच उघडं आहे," हेरिबर्ट घड्याळ पाहत म्हणाला. "चला, चला."

ट्रॉलीवर फांद्यांचा डोंगर झाला. सगळ्या बायका त्यावर चढल्या, कारण त्यांना पुढे मिरवणुकीतच जायचं होतं. हेरिबर्ट वर बसला, फांद्या घसरू नयेत म्हणून. अंगात कामाचे कपडे, डोक्यावर नारिंगी हेल्मेट.

केंद्राचा रस्ता मुख्य पेठ ओलांडून जायचा. तिथे मिरवणुकीचा स्वयंसेवक उभा होता. त्याने मधमाश्या पाहिल्या आणि हात केला. "मधमाश्या ना? उशीर झालाय तुम्हाला. अग्निशमन दलाच्या बँडमागे लागा."

"आम्ही कचरा टाकायला चाललोय," हेरिबर्ट वरून ओरडला.

"छान, छान," स्वयंसेवक हसत म्हणाला. "जंगलाची कल्पना मस्त आहे. पुढे घ्या."

मागून तीन ट्रॅक्टर आले होते. गिस्बर्टला मागे घेता येईना. वळण संपलं आणि ट्रॉली सरळ गर्दीत शिरली.

दोन्ही बाजूंनी माणसं चॉकलेटं मागत हात पसरून उभी होती. मधमाश्यांकडे पिशव्या होत्या, त्यांतून त्या चॉकलेटं आणि रंगीत कागदाचे कपटे उधळू लागल्या. कुणीतरी खालून हात घालून मोरपंखीची फांदी ओढली. हेरिबर्टला राहवेना. मिरवणुकीतल्या गाण्यांसाठी आणलेला माईक त्याने मार्लीसच्या हातातून घेतला.

"फांद्या ओढू नका. मोरपंखी विषारी असते. तोंडात घालू नका, घोड्यांना देऊ नका."

गर्दी खदखदून हसली. पुढच्या बँडने ढोलावर एक टिपरी दिली, जशी विनोदानंतर देतात.

"हसण्यासारखं काही नाही," हेरिबर्ट म्हणाला. "एक मार्चनंतर कुंपण तोडायला बंदी आहे."

ढोल वाजला.

"फांद्या अंगणात जाळायच्या नाहीत."

ढोल. आता लोक नियम संपायची वाट पाहून एका सुरात आरोळी देऊ लागले. हेरिबर्टने आधी रागाने पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की हिवाळाभर पाठ केलेले हे नियम ऐकून घेणारं त्याला आजवर कुणी भेटलंच नव्हतं. मार्लीससुद्धा मध्येच उठून जायची. तो उठून उभा राहिला, घसा साफ केला आणि मुळांचे, बुंध्यांचे, जाडीचे सगळे नियम सांगितले. चर्चपर्यंत पोचेतो त्याचा आवाज बसला.

"दाजी, एवढी वर्षं घरात काय करत होतात?" गिस्बर्टने विचारलं.

केंद्र अर्थातच बंद झालं होतं. तिथला कर्मचारी मिरवणुकीतच होता, ननच्या वेषात. किल्ली झग्याच्या खिशात होती, पण वेळेनंतर उघडणार नाही म्हणाला. हेरिबर्टला ते पटलं.

बुधवारी ईस्टरआधीचे उपास सुरू झाले. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राखेचा टिळा लावून नवरा-बायको ट्रॉलीसोबत केंद्रावर हजर झाले. कर्मचाऱ्याच्या पापण्यांवर अजून निळा रंग होता. त्याने ट्रॉलीभोवती फेरी मारली आणि मान हलवली.

"घेता येणार नाही. यात रंगीत कागदाचे कपटे आहेत, चॉकलेटं आहेत. हिरवा कचरा स्वच्छ हवा. काल तुम्हीच माईकवर सांगितलंत."

हेरिबर्टने वाद घातला नाही. ताडपत्री पसरली आणि एकेक फांदी झटकायला बसला. थोड्या वेळाने सायकलवरून ओटेनबाई आल्या, थर्मास घेऊन.

"घरी बसवेना," त्या म्हणाल्या. "इतका उजेड आलाय की सगळी धूळ दिसायला लागली. द्या इकडे ती फांदी."

तिघं कपटे वेचत बसली. हेरिबर्टला फांदीत एक टॉफी सापडली. त्याने कागद सोडवून ती तोंडात टाकली.

"आज उपास आहे," मार्लीस म्हणाली.

"कचऱ्याचं वर्गीकरण करतोय," हेरिबर्ट म्हणाला आणि पुढची फांदी ओढली.