होदानचा बिल्ला

काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडली की आधी तिचा पांढरेपणा जातो, मग कडा जातात, आणि शेवटी एक हिरवट डाग तेवढा उरतो. तोही गेला की दोरीला चिमटा लावायचा. मग चकती सावकाश वर ओढायची आणि पुन्हा दिसली की दुसरा चिमटा. तळ्याचं पाणी किती नितळ आहे, ते या दोन चिमट्यांच्या मध्ये कुठेतरी असतं.

"गेली," केंग म्हणाला.

"कुठे गेली? मला दिसतेय अजून," होदान नावेच्या कडेवरून वाकत म्हणाली.

"तुला काय, तुला आपल्या मेसच्या सूपमध्ये चिकनसुद्धा दिसतं."

नावेत हशा पिकला. मार्लिस एंगेब्रेत्सनही हसली. "केंगचा चिमटा केंगला दिसेनासं होईल तिथे, होदानचा तिला होईल तिथे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहायचं नाही."

"पण मिस ई, मागच्या वर्षीचा आकडा मला माहितेय."

"मग तो विसर."

मिनेसोटातल्या त्या लहान कॉलेजात दर उन्हाळ्यात शहरातल्या हायस्कुलांतली मुलं राहायला यायची. बहुतेकांच्या घरातून कॉलेजात कोणी गेलेलं नसायचं. सकाळी अभ्यास, दुपारी खेळ आणि पोहणं. एरवी शेजारच्या गावात रसायनशास्त्र शिकवणारी मार्लिस सकाळी मुलांना तळ्याचं पाणी तपासायला शिकवायची आणि दुपारी त्याच पाण्यावर पहारा द्यायची. तिचं आडनाव उच्चारण्याचा नाद मुलांनी पहिल्याच दिवशी सोडला होता.

धक्क्यावर कॉलेजचा डीन, लोवेल, उभा होता. नाव बांधायला त्याने हात दिला.

"काय ठरलं मग?"

"बघते."

"गेले दोन उन्हाळे बघतेच आहेस. ब्रेंटला मी तात्पुरतं बसवलं होतं, मार्लिस."

"मला टेबलामागे बसवू नकोस. मी पाण्यावरच बरी."

या उन्हाळी वर्गाच्या जुन्या संचालकबाई निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा तिने घ्यावी म्हणून लोवेल मागे लागला होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. सध्या ती जागा सांभाळणारा ब्रेंट काही वाईट माणूस नव्हता. सगळं छान दिसलं पाहिजे, एवढंच त्याला हवं असायचं. गेल्या साली त्याने माहितीपत्रकात 'स्फटिकासारखं तळं' असं छापलं. मुलांनी मोजलं तेव्हा पाणी हिरवंगार होतं. मार्लिसने तो कागद वाचला, घडी घातली आणि गप्प बसली.

जेवणाआधी तिने प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली ब्रेंटच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि जेवून ती तळ्यावर गेली.

किनाऱ्यावर लाकडी फळी होती. तिच्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा एक बिल्ला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. पाण्यात शिरताना ज्याने त्याने आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. या एका नियमावर मार्लिस कधी हसली नव्हती. ब्रेंटने आज फोटोग्राफर बोलावला होता. अर्धी मुलं पाण्यात होती, बाकीची वाळूत व्हॉलीबॉल खेळत होती. धक्क्याच्या टोकाला उभ्या मार्लिसची नजर पाण्यावर होती, पाठ फळीकडे.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. मुलं ओरडत, टॉवेलने एकमेकांना फटकारत वर आली आणि बिल्ले उलटून गेली. मार्लिस फळीपाशी आली.

एक बिल्ला लाल होता. होदान.

"होदान!" तिने हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने. मुलांचा गलबला थांबला.

"पाण्यात मला नाही दिसली ती," केंग म्हणाला. "म्हणजे... मी बघितलंच नाही."

एकजण वसतिगृहाकडे पळत गेला आणि पळतच परत आला. खोली रिकामी होती. प्रयोगशाळेत कोणाला पाठवावं असं मार्लिसच्या मनातही आलं नाही. कुलूप तिनेच लावलं होतं.

"मुलांनी वाळूत बसायचं. मोठ्यांनी हात धरा."

शिक्षक, जीवरक्षक पोरं, सगळे हातात हात घालून पाण्यात उतरले. हाका ऐकून धावत आलेला लोवेल बुटांसकट उतरला. ही साखळी सावकाश चालते, पाय न उचलता, कारण डोळ्यांना न दिसणारं पायांनी शोधायचं असतं. कमरेपर्यंत पाणी, मग छातीपर्यंत. घोट्याला शेवाळाच्या दोऱ्या लागत होत्या. मार्लिसचा पाय एका मऊ, गोल गोष्टीला लागला आणि ती थांबली. साखळी थांबली. तिने श्वास घेतला, खाली बुडी मारली, हातांनी चाचपलं. कुजलेला ओंडका होता.

ती वर आली तेव्हा किनाऱ्यावर ब्रेंट उभा होता. फोटोग्राफरला गाडीपर्यंत सोडून आला होता.

"काय चाललंय?"

"होदानचा बिल्ला लाल आहे," कोणीतरी ओरडलं.

"अरे, तो होय!" त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. "ते मी केलं. अर्धी फळी पांढरी होती, फोटोत ओकीबोकी दिसत होती. म्हणून सगळे लाल केले. होदान वर प्रयोगशाळेत आहे. तिची सकाळची सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी वाळली होती, दुपारी परत बघायची म्हणाली, मीच किल्ली दिली तिला."

"मला वाटलं माझा बिल्ला मीच लाल केला होता," व्हॉलीबॉल खेळणारा एक मुलगा हळूच म्हणाला. "लाल दिसला म्हणून नुसता उलटला. आम्ही सगळ्यांनीच."

कोणीतरी होदानला आणायला गेलं. ती उतारावरून आली, एका डोळ्याभोवती सूक्ष्मदर्शकाचा गोल वळ, आणि छातीपर्यंत ओली माणसं बघून थबकली.

"काय झालं? कोण बुडालं?"

केंग रडत होता आणि ते लपवायला टॉवेल डोक्यावर घेत होता.

ब्रेंट मार्लिसच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मुलांना सांगू, सराव होता. खरं सांगू, फार छान झाला. शिस्त बघितलीस?"

मार्लिसच्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

"मी तिला पायांनी शोधत होते, ब्रेंट."

"मार्लिस, चुकलं माझं, पण सगळ्यांसमोर नको..."

"सगळ्यांसमोरच." ती मुलांकडे वळली. आवाज चढला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "हा सराव नव्हता. होदान पाण्याखाली आहे असं आम्ही धरून चाललो होतो, कारण फळी तसं म्हणत होती. फळी खोटं बोलली, कारण फोटो चांगला यायला हवा होता."

होदानने जाऊन आपला बिल्ला पांढरा केला.

लोवेल काठावर बसून बुटातलं पाणी ओतत होता. मार्लिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळी विचारत होतास ना, काय ठरलं म्हणून?" ती म्हणाली. "ती जागा मी घेते. आत्तापासून."