बेटवाल्या बाईंचं भाषण

एवढे पुढारी एकत्र जमून करतात तरी काय, असं बायको दर वेळी विचारते. जेवतात, असं मी सांगतो. तिला वाटतं मी थट्टा करतोय. जगभरच्या नेत्यांच्या परिषदांत आवाजाची यंत्रणा सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ यापलीकडचं फारसं काही कानावर पडलेलं नाही.

या खेपेचा विषय होता समुद्राची वाढती पातळी. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. पाणी ज्यांच्या उंबऱ्याशी आलंय, त्या एका चिमुकल्या बेटाच्या पंतप्रधान बाईंचं भाषण मात्र सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. वर मोठ्या मंडळींना वेळेचं भान नाही. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला की ते त्याच्याकडे असं बघतात, जणू तो शेजाऱ्यासाठी लागलाय.

बाई सकाळीच माझ्या काचेच्या खोलीत डोकावल्या.

"दादा, माझा माईक नीट चालेल ना? माझ्या माणसांना राहायला दुसरीकडे जमीन मागायची आहे. माईकवर बोललेलं तेवढंच नोंदलं जातं म्हणे."

"चालेल ताई. पण जमिनीचं आधी बोलून घ्या, आभार नंतर माना."

"तसं कुठलं चालायला! आमच्यासारख्यांनी आधी आभारच मानायचे असतात."

त्यांचं नाव पुकारलं आणि नेमकी जेवणाची वेळ झाली. अध्यक्ष उठले, त्यांच्यामागे सगळी वरात उठली. कामकाज मात्र थांबत नाही. शेजारच्या जेवणाच्या दालनात भाषण ऐकू जाईल अशी सोय असते, म्हणजे सगळे हजर होते असं लिहायला हे मोकळे. रिकाम्या खुर्च्यांपुढे बाई बोलायला लागल्या. समोर एकटे उपाध्यक्ष, तेही घड्याळाकडे बघत.

बाईंनी यजमानांचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, दमडीची मदत न केलेल्या देशांचेसुद्धा मानले. मग विहिरी खारट झाल्याचं सांगितलं, शाळा पाण्यात गेल्याचं सांगितलं. "गेल्या भरतीत माझ्या आईचं थडगं..." एवढं म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. त्या थांबल्या.

दालनातलं चित्र माझ्यासमोरच्या पडद्यावर दिसत होतं. आवाज थांबला म्हणजे भाषण संपलं, एवढं या लोकांना झोपेतही कळतं. एकाने घास चावता चावता टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. भिंतीपलीकडून तो कडकडाट सभागृहात आला. उपाध्यक्षांच्या पोटात कावळे ओरडत होतेच. "मनःपूर्वक आभार," म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि बाईंचा माईक बंद झाला. त्यांच्या बटणापुढे माझं काही चालत नाही. मी काचेवर हात आपटला, नको ती शिवी हासडली. बाईंचे ओठ हलत होते आणि उपाध्यक्ष दारापर्यंत पोचलेसुद्धा होते.

संध्याकाळी ठराव वाचला गेला. सर्वांनी तीव्र चिंता व्यक्त केली. जमिनीचा त्यात उल्लेख नव्हता. कुणी मागितलीच नव्हती ना!

निघताना बाई पुन्हा आल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"दादा, मला बोलूच दिलं नाही. पण टाळ्या तर केवढ्या पडल्या! कुठल्या वाक्याला पडल्या हो? निदान तेवढं तरी घरी जाऊन सांगेन."

खोटं बोलावंसं वाटलं. पण दिवसभर खोटंच ऐकून वीट आला होता.

"वाक्याला नाही, ताई," मी म्हणालो. "तुम्ही गप्प झालात ना, त्याला."