नाचऱ्या कुंकवाची थाळी

मोर्शीबाहेर संत्र्याच्या एका पॅकिंग शेडसमोर मांडव टाकला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वरूडकडून ट्रॅक्टर भरभरून बाया आल्या होत्या. मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून आले होते. सगळ्यांच्या नजरा स्टेजवरच्या एका पितळी थाळीवर. थाळी चौरंगावर, चौरंगावरून जमिनीपर्यंत सोडलेलं भगवं कापड आणि थाळीत पसरलेलं मूठभर कुंकू. मागच्यांना दिसावं म्हणून वर कॅमेरा लावला होता आणि बाजूला मोठा पडदा.

"इचार माय, इचार," थाळी महाराज माईकवर म्हणाले. "थाळी सगळं ऐकते."

एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. "माह्या पोराले नोकरी लागन काय, बाप्पा?"

महाराजांनी डोळे मिटले. मागे बसलेल्या चंद्रभान नावाच्या शिष्यानं पेटीवर बोट ठेवलं, तंबोऱ्याचं यंत्र घुमत होतंच. आणि थाळीतलं कुंकू उठलं. खरंच उठलं. कोणी हात लावला नाही, फुंकर मारली नाही, आणि लाल दाणे थाळीभर टणाटणा उड्या मारायला लागले.

"होऽऽ म्हणते थाळी!" महाराज गरजले. "भक्तहो, थाळी बोलत नाही, थाळी स्पंदते! ही सात पिढ्यांची थाळी आहे. परदेशातले शास्त्रज्ञ आले, यंत्रं लावली, आणि हात टेकून गेले. म्हणाले, महाराज, आमचं विज्ञान जिथं संपते तिथं तुमची थाळी सुरू होते!"

ते शास्त्रज्ञ कोणत्या परदेशातले, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, कारण मी कामावर होतो. मी संघपाल. अमरावतीच्या आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंड मी सांभाळतो. आज लग्न, उद्या जयंती, परवा महाराज. माईकला धर्म नसतो. देवाधर्माशी माझं काही देणंघेणं नाही, तरी त्या दिवशी माझी सख्खी सुंदराकाकू पहिल्या रांगेत पदर पसरून बसली होती, म्हणून मी दुसऱ्या कोणाला हसायच्या भानगडीत पडलो नाही.

एक गोष्ट तेवढी मला खटकली. महाराज गप्प असतानाही त्यांच्या माईकचा दिवा माझ्या मिक्सरवर मधूनच लुकलुकायचा. मला वाटलं, वायर ढिली असेल.

तेवढ्यात स्टेजसमोर नत्थुजी उभे राहिले. हे आमच्या प्राजक्ताचे वडील. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि प्राजक्ता आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते.

"महाराज," नत्थुजी म्हणाले, "शुगरची सुई टोचून टोचून माह्या पोटाची चाळणी झाली. घ्याच लागते काय ती?"

महाराजांनी डोळे मिटले. तंबोरा घुमत राहिला. कुंकू हललं नाही. एक दाणासुद्धा नाही.

"थाळी नाही म्हणते!"

मांडवात जयजयकार झाला. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा नत्थुजींचा चेहरा खुलला.

त्यानंतर त्यांनी इन्सुलिन बंद केलं. आधीच बागेत काटा बोचून पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती, ती आता चिघळायला लागली. प्राजक्ताचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता.

"भाऊ, बाबा माह्यं ऐकून नाई राहिले. तुमी चला ना माह्यासंगं. तुमी सांगसान तं ऐकतीन."

गेलो. नत्थुजी ओसरीवर पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं आणि ते मला म्हणाले, "ये संघपाल, संत्रं खा."

"बाबा, डॉक्टर म्हणते पाय जाईन," प्राजक्ता म्हणाली.

"डॉक्टर पुस्तकातलं सांगते. थाळी देवाच्या मनातलं सांगते."

"थाळीले काय समजते शुगरमधलं?"

"आन् तुले काय समजते व? तू तं टुंगटुंग वाजवते!"

तिची आई, लीलाबाई, दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "कालपासून यायले पायाले मुंग्यासुद्धा येऊन नाई राहिल्या. येत होत्या तं बरं होतं." मग पदर तोंडाला लावून आत गेली. निघताना तिनं चिवड्याचा डबा प्राजक्ताच्या हातात कोंबला. रडायला आलं की ही बाई डबे भरते.

परत येताना अमरावतीत शिरल्यावर प्राजक्ता म्हणाली, "आज गिटार घ्यायचं ठरलं होतं ना आपलं? चला घेऊनच टाकू. घरी जाऊन रडत बसण्यापेक्षा बरं."

दुकानात मात्र ती वेगळीच बाई झाली. दुकानदारानं आधी चकाकणारं, जांभळ्या रंगाचं बास पुढे केलं. तिनं ते पट्टा लावून गळ्यात घेतलं आणि हात सोडले. गिटारची मान धपकन खाली गेली.

"हे मले रात्रभर धरूनच उभं राहा लागीन," ती म्हणाली. "वाजवू कवा?"

दुसऱ्याचा तोल बरा होता, पण खालची तार भरभरत होती. तिसरं काळं, साधं, पाच तारांचं. तिनं प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून पाहिली, मान डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का ते पाहिलं, आणि म्हणाली, "हे." मग स्पीकरच्या पेटीचा विषय निघाला. आजवर ती साध्या गिटारच्या लहान स्पीकरवर बास वाजवायची, आणि त्याचा कागदी पडदा दोनदा फाटला होता. बासच्या खोल सुराला हवा ढकलायला मोठा स्पीकर लागतो, छोट्याचा दम जातो. आम्ही पंधरा इंची स्पीकरची जड पेटी घेतली आणि दोघांनी मिळून धापा टाकत तालमीच्या खोलीत नेली.

आता चमत्कार इथे झाला. दुपारपासून पोटात काही नव्हतं, म्हणून मी लीलाबाईंचा चिवडा स्टीलच्या ताटलीत ओतला आणि ती ताटली त्या पेटीवरच ठेवली. प्राजक्तानं गिटार जोडलं आणि एकेक सूर वर चढत वाजवायला लागली. ई, एफ, एफ शार्प. खिडकी थरथरली, बाकी काही नाही. मग तिनं खालचा जी छेडला.

ताटलीतले मुरमुरे टणाटणा नाचायला लागले.

ती थांबली. मुरमुरे थांबले. तिनं पुढचा सूर वाजवला, मुरमुरे ढिम्म. परत जी, परत नाच. एक शेंगदाणा तर उडी मारून माझ्या पायावर पडला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "थाळी हो म्हणून राहिली."

यात नवं काही नव्हतं. प्रत्येक वस्तू आपल्या ठरावीक वेगानं थरथरते. ताटली असो, खिडकीची काच असो की स्टेजची फळी. बाहेरून नेमक्या तेवढ्याच वेगाचा सूर आला की ती वस्तू जोरात थरथरायला लागते आणि तिच्यावरचं हलकं काही असेल ते उडतं. लग्नाच्या मांडवात एखाद्याच सुराला खुर्च्या खडखडतात, ते यामुळेच. आम्हाला हे रोजचं. रोजचं असल्यामुळेच ते महाराजांच्या थाळीत ओळखू आलं नव्हतं.

आणि मग मला तो लुकलुकणारा दिवा आठवला. बोलण्याच्या माईकमधून खालचा घुमणारा आवाज आम्ही नेहमी कापून टाकतो, नाहीतर फुंकर आणि धक्के भोंग्यातून ऐकू येतात. म्हणजे चौरंगापाशी एखादा खोल सूर वाजत असला तरी तो मांडवात ऐकू जाणार नव्हता. माझा दिवा मात्र कापण्याआधीचा आवाज दाखवतो, म्हणून तो लुकलुकत होता.

योगायोगानं त्याच शेडसमोरच्या पुढच्या सत्संगाला चंद्रभानलाच "संगीतमय" कार्यक्रम हवा होता. ऑर्केस्ट्रासकट या, म्हणाला. आम्ही गेलो. बासची पेटी मी मुद्दाम स्टेजच्या फळ्यांवर ठेवली, चौरंगाच्या रांगेत. फळ्यांखाली पोकळी होती, म्हणजे सगळं स्टेजच आमच्या बाजूनं होतं.

भजन सुरू झालं. प्राजक्ता डोळे पडद्यावर ठेवून एकेका सुरावर रेंगाळत होती. इथला सूर वेगळा निघणार हे आम्हाला माहीत होतं, कारण थाळी वेगळी, स्टेज वेगळं. ए वर आली आणि पडद्यावर कुंकू शहारलं. तिनं ए धरून ठेवला. कुंकू थयाथया नाचलं. महाराज त्या वेळी पेल्यानं पाणी पीत होते.

"अरे पाह्य, पाह्य! थाळी पाह्य!" लोक ओरडले.

महाराजांना ठसका लागला. पण माणूस तयारीचा. "भक्तहो," ते सावरून म्हणाले, "थाळी भजनात रंगली!"

प्राजक्ता माईकपाशी आली. "महाराज, थाळी रंगातच हाये तं मी एक इचारू काय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं विचारलं, "थाळीबाई, आपल्या मोर्शीत समुद्र हाये काय?"

कुंकू नाचलं. मांडवात कोणीतरी फिसकन हसलं.

"संत्रं वांग्याच्या झाडाले लागते काय?"

कुंकू नाचलं. आता हशा पिकला.

"माह्या बाबानं इन्सुलिन घ्यावं काय?" कुंकू तिसऱ्यांदा नाचलं. पुढच्या रांगेत पट्टी बांधलेला पाय घेऊन बसलेले नत्थुजी खुर्चीवरून अर्धे उठले.

"थांबवा ते वाद्य!" महाराज किंचाळले. "बाईमाणसाच्या हातानं थाळी बाटली!"

"बाटली नाई, महाराज. ते मी नाचवून राहिली. हे पाहा." तिनं हात वर करून तार सर्वांना दाखवली. छेडली, कुंकू उठलं. तळव्यानं दाबली, कुंकू बसलं. "एवढंच हाये ते. तार छेडली का 'हो', दाबली का 'नाई'."

महाराजांनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या लोकांनी इतके दिवस पाया पडल्यावर माणसाला गप्प बसणं जमत नाही. "ही हातचलाखी आहे!" ते ओरडले. "गिटार बंद ठेवा आणि आता खरी थाळी पाहा. थाळीमाते, मी खरा आहे का?"

चंद्रभानचं बोट पेटीवर गेलं. कुंकू उठलं.

मी इकडे महाराजांच्या माईकचा कापलेला खालचा आवाज पूर्ण मोकळा केला आणि आवाजाचं बटण वर सरकवलं.

घूंऽऽऽऽऽ!

दोन्ही बाजूंच्या भोंग्यांतून असा आवाज निघाला की शेडचे पत्रे कडकडले. कुंकू थांबलं, आवाज थांबला. चंद्रभाननं घाबरून परत बोट दाबलं. परत घूंऽऽऽ, परत कुंकू. मग त्यानं हातच मागे घेतले.

"चौरंगाखाली काय हाये?" नत्थुजींनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"देवाच्या आसनाला हात लावू नका. भस्म व्हाल!"

नत्थुजी लंगडत स्टेजच्या पायऱ्या चढले. महाराज आडवे आले, नत्थुजींनी त्यांना हातानं बाजूला केलं आणि भगवं कापड वर उचललं. चौरंगाच्या तळाला पेरूएवढा एक लोखंडी गोळा स्क्रूनं कसला होता. हा कागदी पडदा नसलेला स्पीकर. ज्या फळीला लावाल ती फळीच हलवतो. त्यातून निघालेली वायर सतरंजीखालून थेट चंद्रभानच्या पेटीत लपवलेल्या बटणापर्यंत जात होती. तंबोऱ्याच्या घुमण्यात त्याचा आवाज लपून जायचा. बटण दाबलं की देव हो म्हणायचा.

नत्थुजी भस्म झाले नाहीत. ते महाराजांकडे वळून म्हणाले, "मले नाई कावून म्हटलं बे? माह्यं तुयाशी काय वैर होतं?"

वैर नव्हतंच. नत्थुजींच्या चेहऱ्यावर कोणतं उत्तर हवं ते लिहिलेलं होतं, आणि महाराजांनी ते वाचून दाखवलं होतं. शेवटी सुंदराकाकूनंच पहिल्यांदा पोलिसांना फोन लावायला सांगितलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पडद्याचा कॅमेरा सगळं टिपत होता, त्यामुळे कोणाला काही सांगत बसावं लागलं नाही.

नत्थुजींना त्याच संध्याकाळी अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला. अंगठा मात्र काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा प्राजक्ता त्यांना सुई टोचत होती आणि ते तोंड वाकडं करून छताकडे पाहत होते.

"संघपाल," ते म्हणाले, "थाळीनं मले फसवलं हे खरं. पण खरं सांगू काय? थाळी त्या दिवशी हो म्हणती ना, तं म्या दुसरा महाराज पाहिला असता. मले नाईच ऐकायचं होतं."

"बाबा, हलू नका," प्राजक्ता म्हणाली.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. थाळी महाराज उघडे पडले, पण त्यांचा धंदा संपला नाही. उद्या थाळीच्या जागी नारळ असेल, तांब्या असेल, नाहीतर मोबाइलमधलं काही असेल. तुम्हाला हवं तेच उत्तर जो लगेच देतो, त्याच्यावर सगळ्यात आधी संशय घ्या. एकच प्रश्न दोनदा विचारा, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारा, आणि उत्तर ठरवणारा कोण आहे ते पाहा. आजार असेल तर डॉक्टरकडे जा. एकाचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, पण डॉक्टरकडेच. आणि चमत्कारापुढे वाकायचंच असेल, तर थोडं आणखी खाली वाका आणि कापडाखाली काय आहे ते बघून घ्या.