संपलेले हीटर

तळावर उकाडा असा, की दुपारी तंबूच्या दांड्याला हात लावला तर तो सोडवून घ्यावा लागे. अशा ठिकाणी मायदेशाहून पहिल्याच खेपेला हीटर आले. नवे कोरे, वायरींना प्लास्टिक गुंडाळलेलं. खरं तर पाण्याची गाळणी यायची होती. ती बहुधा कुठल्यातरी बर्फाळ चौकीवर पोचली असावीत आणि तिथले जवान बर्फ गाळत बसले असावेत.

स्टोअर सांभाळणाऱ्या जवानाने हीटर निमूटपणे आत रचले. आठवड्याच्या वायरलेसवर डेपोने विचारलं, "हीटर?" तेव्हा तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "संपले."

तो काही खोटारडा नव्हता. स्टोअरची रीतच तशी. जे उरलं म्हणून सांगाल, ते पुढच्या खेपेतून कापलं जातं, आणि डेपोने एकदा कात्री हातात घेतली की मोजे, बॅटऱ्या, साबण, कुणाचीच खैर नसते. आधीच्या स्टोअरवाल्याने जाताना त्याला कानमंत्र दिला होता, की डेपो काहीही विचारो, संपलं म्हणायचं. त्यामुळे तळावर त्याचं नावच संपलंभाऊ पडलं होतं.

"काय संपलंभाऊ, जीव आहे का शिल्लक?" आचारी सकाळी विचारी.

"संपला. दुसरा मागवलाय."

डेपोत कुणीतरी मायाळू माणूस बसला असणार. त्याने पाहिलं, या तळावर हीटर पोचतात काय आणि संपतात काय. बिचारे काकडत असतील. पुढच्या खेपेला दुप्पट हीटर आले. तेही संपले. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी आले. आता हीटरवर पत्ते कुटले जात, हीटरवर कपडे वाळत, सुभेदारसाहेबांच्या टेबलाचा चौथा पाय हीटर होता आणि आचारी हीटरवर बसून कांदे चिरी.

बूट मात्र खरोखरच संपले होते. तिथल्या तापलेल्या खडीवर बुटांचे तळ सुटून यायचे. जवान ते तारेने बांधत, आणि गस्तीला निघालेली तुकडी भांड्यांच्या दुकानासारखी वाजत जाई. शत्रू असता तर त्याला दबा धरायची गरज नव्हती, नुसते कान पुरले असते.

या सगळ्याचं संपलंभाऊला हसू येई, कारण त्याची रजा मंजूर झाली होती. पुढच्या विमानाने बदली माणूस यायचा आणि त्याच विमानाने तो घरी जायचा. घरी मुलगी होती. तो निघाला तेव्हा ती नुकती पालथी पडू लागली होती. आता घरभर पळत होती, आणि तिच्या समजुतीने बाबा म्हणजे फोन. फोन कट झाला की ती तो चार्जिंगला लावायला आईच्या मागे लागे. बाबाला भूक लागली म्हणून.

"अहो, काल तिने तुम्हाला उशीवर निजवलं, पांघरूण घातलं," बायको म्हणाली.

"मग लागली का मला झोप?"

"शेजारच्या काकांचा फोन वाजला, तर त्यालाही बाबा म्हणाली."

तो हसला. फोन ठेवल्यावर मात्र मोज्यांच्या गठ्ठ्यावर बसला. मुलीच्या डोक्याचा वास त्याला काही केल्या आठवेना. शेवटी त्याने साबणाची नवी पेटी फोडली आणि एकेक वडी हुंगून पाहिली. कुठल्याच वडीत ती नव्हती.

विमान आलं. तो सामान बांधून धावपट्टीवर उभा. दार उघडलं. आत हीटर.

"माणूस कुठाय?" त्याने वैमानिकाला विचारलं.

"होता की. चढलाही होता. पण वजन जास्त झालं. डेपोवाले म्हणाले, तिथे लोक थंडीने हैराण आहेत, माल आधी. त्याला उतरवला." वैमानिकाने कपाळावरचा घाम निपटला, तळावर एक नजर टाकली आणि पुढे काही विचारलं नाही.

"मग मी?"

"तुमच्या जागी कुणी आल्याशिवाय तुम्हाला कसा नेऊ, भाऊ?"

विमान रिकामं परत गेलं. आख्खंच्या आख्खं रिकामं.

"पुढच्या खेपेला येईल तो," सुभेदारसाहेब म्हणाले.

"पुढच्या खेपेला हीटर येतील, साहेब."

साहेबांनी आपल्या टेबलाच्या चौथ्या पायाकडे पाहिलं. "खरं सांगितलंस तर सगळ्यांच्या मालावर कात्री येईल. बूट मागितलेत आपण."

"म्हणूनच विचारायला आलो."

"मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. चालायचंय पोरांना, त्यांना विचार."

बाहेर पोरांनी ऐकून घेतलं. कुणी आपल्या तारेकडे पाहिलं, कुणी आभाळाकडे. आचारी चिरता चिरता म्हणाला, "हो म्हणा रे. हा इथेच राहिला तर सगळ्या साबणाचा वास संपवेल."

पुढच्या वायरलेसवर डेपोने विचारलं, "हीटर?"

"आहेत."

पलीकडे नुसती खरखर. "परत बोला."

"सगळे आहेत. एकही लावला नाही."

"तुम्ही तर संपले म्हणाला होता."

"ते न वापरता संपले होते."

"बूट?"

"बूट संपले."

"तेही न वापरता?"

"नाही साहेब. ते पायांतच संपले."

डेपोचा आता कशावरच विश्वास बसेना. हुकूम आला, चौकशी होईपर्यंत तुमचा बाकीचा माल बंद, हीटर परत पाठवा. "आणि बदली माणूस?" त्याने विचारलं. "येईल," डेपो म्हणाला, "आता विमानात जागाच जागा आहे."

बदली माणूस आला, तोही नव्या बुटांत. सगळा तळ नवरदेव पाहावा तसा त्याच्या पायांकडे पाहत राहिला. हीटर चढवून झाल्यावर संपलंभाऊने आपले बूट काढून आचाऱ्यापुढे ठेवले. स्टोअर हातात असल्यामुळे तळावर त्यातल्या त्यात धड तेच होते.

"मला मोठे होतील," आचारी म्हणाला.

"तार आहे की."

मग तो न्हाणीतली स्लिपर घालून धावपट्टीवर आला. चढण्याआधी त्याने घरी फोन लावला.

"निघालो. न्यायला येताना माझे बूट घेऊन ये."

"म्हणजे? आत्ता पायांत काय आहे?"

"स्लिपर."

"सैन्यातून येताय की आंघोळीहून?" बायको म्हणाली. "बूट दारातच आहेत. तुम्ही काढून ठेवलेत तिथेच. पण ते आता तिचे झालेत. रोज सकाळी त्यांत उभी राहते नि सगळ्यांना टाटा करते. जात कुठेच नाही. हलवले की घर डोक्यावर घेते."

"मग आता?"

"तिला विचारावं लागेल."

"विचार."

वैमानिकाने चला म्हणून हात केला. पंखे घरघरू लागले. त्याने एका कानात बोट घातलं, दुसऱ्यावर फोन घट्ट दाबला, आणि पलीकडे दाराकडे जाणारी बायकोची पावलं ऐकत उभा राहिला.